टपावरची होडी

ओझे बांधणे ही विद्या आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही, असा आपला एक जुना समज आहे. कडब्याने शिगोशीग भरलेली बैलगाडी चढउतारांवरून सुखरूप घरी आणणाऱ्या शेतकऱ्याने दोराचे पुस्तक कधी वाचले होते? म्हणून परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाने वा लेकीने कळवले, की ‘शनिवारी टपावर होडी बांधून तळ्यावर जाणार आहोत’, तर आपण तिला पाण्याविषयी दहा सूचना करतो. लाइफ जॅकेट घाला, खोल पाण्यात जाऊ नका, मुलांना जपा. दोराविषयी मात्र आपण अवाक्षर काढत नाही. वास्तविक त्या सहलीतला एक मोठा धोका पाणी दिसण्याच्या आधीच, रस्त्यावर उभा असतो. आणि तो होडीच्या मालकापेक्षा त्याच्या मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला अधिक असतो.

कॅनडातील ओंटारियो प्रांतात अल्गोंक्विन नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. १८९३ साली ते राखून ठेवण्यात आले. टोरांटोहून मोटारीने तेथे पोहोचण्यास सुमारे तीन तास लागतात आणि उन्हाळ्यात त्या रस्त्याने टपावर पालथी होडी घेतलेल्या मोटारी सारख्या जाताना दिसतात. या होडीला तिकडे कनू म्हणतात. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, आणि एकाच बाजूला पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची. टोरांटोच्या परिसरात मराठी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकांनी हा छंद आपलासा केला आहे, तेव्हा हा विषय आपल्या घरापासून फार दूरचा नाही.

अल्गोंक्विनमध्ये तळ्यामागून तळे लागते आणि दोन तळ्यांच्या मध्ये जंगलातली पायवाट. होडी पाण्याबाहेर काढायची, खांद्यांवर पालथी घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत चालत जायचे, ही तिथली रीत. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनी बर्च झाडाच्या सालीची, मुळ्यांनी शिवलेली आणि राळेने सांधे बुजवलेली होडी घडवली, ती याच गरजेपोटी. पुढे सालीच्या जागी कॅनव्हास आले, दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम आले, मग काचतंतू आणि केव्हलार. साहित्य बदलले, तरी ध्यास एकच राहिला, तो वजन कमी करण्याचा. आज पाच मीटर लांबीची केव्हलारची होडी वीस किलोंच्या आसपास भरते. आपल्या घरी येणारी तांदळाची पंचवीस किलोंची गोणी तिच्याहून जड!

आणि हा हलकेपणाच रस्त्यावर वैरी होतो. कडब्याच्या गाडीवरचा दोर ओझे खाली घसरू नये म्हणून असतो. टपावरच्या होडीचा दोर ती वर उडू नये म्हणून असतो. या दोन गोष्टींतला भेद ज्याला कळला, त्याला पुढचे सारे सहज कळेल.

वाऱ्याचा दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो वजनाइतका रेटा देते. वेग १०० झाला की तोच रेटा ४७ किलोंवर जातो. म्हणजे वेग दुप्पट आणि रेटा जवळजवळ चौपट. त्यात समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला असेल, तर होडीच्या दृष्टीने वेग १३० होतो आणि रेटा ८० किलोंच्या घरात पोहोचतो. आता पालथी होडी म्हणजे एक लांबट उपडे भांडेच. मोटारीच्या पुढच्या तिरप्या काचेवर आपटून वर चढलेली हवा नेमकी या भांड्याच्या पोकळीत शिरते. तिचा सगळा जोर होडी उचलण्यातच खर्ची पडतो असे नाही. परंतु ज्या वस्तूचे वजनच वीस किलो, तिला उचलण्यास त्या जोराचा काही अंशही पुरतो. गावातल्या रस्त्यावर जी होडी तासभर निश्चल राहिली, तीच महामार्गावर पहिल्या दहा मिनिटांत नाक वर करू लागते, याचे कारण हे.

अशी होडी सुटली तर? ताशी १०० किलोमीटर वेगाने मागून येणारी मोटार दर सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. समोर काही उडाले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी चाळीस मीटर रस्ता संपलेला असतो. त्या चालकाने दोर बांधलेला नसतो, गाठ तपासण्याची संधीही त्याला मिळालेली नसते.

तर सुरुवात मोटारीपासून करू. टप किती वजन सोसेल हे मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्यात दांड्यांचे वजनही धरावे लागते. काही मोटारींच्या टपावर दिसणाऱ्या लांब पट्ट्या निव्वळ शोभेच्या असतात. त्यांवर विसंबणे म्हणजे भिंतीवरच्या चित्रातल्या खुंटीला छत्री अडकवणे होय. खऱ्या, पक्क्या बसवलेल्या दोन आडव्या दांड्या हव्यात आणि त्या एकमेकींपासून मोटार देईल तितक्या दूर असाव्यात. दांड्या जवळजवळ असल्या तर होडी तराजूच्या दांडीसारखी वरखाली डुलते.

होडी पालथी, मध्यावर आणि मोटारीच्या लांबीला समांतर ठेवावी. प्रत्येक दांडीपाशी एक, असे दोन पट्टे होडीच्या पाठीवरून घ्यावेत आणि ते त्या दांडीलाच, होडीच्या काठाला अगदी लगटून वेढावेत. पट्टा काठापासून हातभर दूर बांधला तर बाजूच्या वाऱ्याने होडी तेवढी सरकायला मोकळी राहते. खटक्याचे साधे बकल असलेला पट्टा यासाठी उत्तम. मालमोटारींवर वापरतात तो दात्यांचा, म्हणजे रॅचेटचा पट्टा अधिक जोर देतो हे खरे. पण तोच जोर हलक्या होडीची पाठ चेपू शकतो. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यावा. सपाट, ताठ पट्टा वाऱ्यात थरथरून मोठा आवाज करतो; एका पिळाने तो गप्प बसतो. मोकळी राहिलेली टोकेही गुंडाळून आत खोचून टाकावीत.

येथे पुष्कळजण काम संपले असे मानतात. खरी कसोटी पुढे आहे. दोन पट्टे होडीला मध्यभागी धरतात. परंतु वारा तिला टोकाशी उचलतो, आणि टोक मध्यापासून दूर असल्याने त्याला तरफेचा लाभ मिळतो. म्हणून पुढच्या टोकापासून दोन दोर खाली, मोटारीच्या उजव्या आणि डाव्या अंगास उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखे बांधावेत. मागच्या टोकालाही तसेच. बांधायचे कशाला? बंपरचे प्लास्टिक हे उत्तर नव्हे. मोटार ओढून नेण्यासाठी दिलेला हूक, किंवा बॉनेटखालच्या पक्क्या बोल्टमध्ये अडकवलेला पट्ट्याचा फासा, हे खरे आधार. हे दोर ताठ असावेत, पण होडी वाकेल इतके आवळू नयेत. त्यांचे उरलेले शेपूट चाकाजवळ लोंबू देऊ नये. चाकात गेलेला दोर क्षणार्धात होडीचे नाक खाली खेचतो. पुढच्या दोरांचा आणखी एक उपयोग असा, की ते चालकाच्या नजरेसमोर असतात. एखादा ढिला पडला तर काचेतून लगेच दिसतो.

दोर कोणता, यावर मतभेद आहेत. माझे मत पॉलिएस्टरच्या बाजूचे आहे. नायलॉन बळकट असते, पण ताणले जाते, आणि भिजले की अधिकच. कोरड्या सकाळी आवळलेला नायलॉनचा दोर दुपारच्या सरीनंतर ढिला होतो. पॉलिप्रॉपिलिनचा दोर स्वस्त व गुळगुळीत. त्यावर गाठ निसटते आणि ऊन त्याला खाते. सुती वा तागाचे दोर उलट भिजल्यावर आखडतात आणि वाळल्यावर सैल होतात. हुकांचे रबरी दोर मात्र निखालस वर्ज्य समजावेत. जो दोर ओढला की लांबतो, तो वाऱ्याला विरोध करत नाही. वाऱ्याला वाट करून देतो.

गाठीच्या बाबतीत मराठी भाषा श्रीमंत आहे. निरगाठ आणि सुरगाठ या दोन शब्दांत तिने साऱ्या गाठींचा स्वभाव सांगून ठेवला आहे. एक सुटता सुटत नाही, दुसरी ओढताच मोकळी होते. होडीसाठी हवी ती गाठ या दोघींच्या मधली. इंग्रजीत तिला ट्रकवाल्यांच्या नावाने ओळखतात. तिचे दुसरे एक नाव गवताच्या गाड्या भरणाऱ्यांवरून पडले आहे, म्हणजे आपला कडबेवाला शेतकरी तिचा सख्खा भाऊबंदच ठरतो. होडीच्या टोकाला दोर पक्का बांधून खाली सोडावा. खाली येणाऱ्या दोरात मध्यावर सुरगाठीने लहानसा फासा घ्यावा. मोकळे टोक खालच्या हुकातून ओवून पुन्हा वर आणावे, फाशातून काढावे आणि खाली ओढावे. फासा आता कप्पीचे काम करू लागतो. हिशेबाने ओढीच्या तिप्पट ताण मिळावयास हवा. दोरावर दोर घासल्याने त्यातला बराचसा घर्षणात जातो, तरीही उरतो तो नुसत्या हाताच्या जोरापेक्षा पुष्कळ अधिक असतो. मग फाशाजवळ चिमटीत दोर घट्ट धरून दोन अर्ध्या गाठी माराव्यात. घरी खिडकीच्या गजाला दोरी बांधून दहा वेळा सराव केला, तर अंधारातही हात चुकत नाही.

सारे झाल्यावर होडीचे टोक दोन्ही हातांनी धरून जोराने हलवावे. होडीबरोबर सगळी मोटार हलली पाहिजे. होडी एकटीच हलली, तर पुन्हा आवळावे. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून गाठी पाहाव्यात, कारण पट्टे आणि दोर पहिल्या धक्क्यांतच बसतात. पाऊस पडून गेल्यावर पुन्हा पाहाव्यात. होडीचे टोक मोटारीमागे दीड मीटर वा अधिक बाहेर येत असेल, तर ओंटारियोचा कायदा दिवसा लाल निशाण आणि रात्री लाल दिवा लावायला सांगतो. मोठ्या मालमोटारीच्या बाजूने जाताना आणि उघड्या पुलावर वेग थोडा कमी ठेवावा; तेथे वारा बाजूने अकस्मात येतो.

आपल्याकडे ऋषिकेशच्या रस्त्यांवर जीपच्या टपावर गंगेत सोडायचे रबरी तराफे दिसतात. पण मोठ्या संख्येने आपण टपावर बांधतो ती गादी. बदलीच्या वेळी सुतळीचे चार वेढे देऊन गादी बांधायची आणि खिडकीतून एक हात बाहेर काढून गृहस्थाने ती धरून बसायचे, हे दृश्य कोणी पाहिले नाही? दुहेरी गादीचे क्षेत्रफळ तीन चौरस मीटर धरा आणि मघाचा दर चौरस मीटरचा आकडा त्याला लावून पाहा. तो हात काय धरणार! गादीलाही पट्टे दांड्यांनाच हवेत आणि पुढची कड दोराने दाबलेली हवी.

परतीचा प्रवास अधिक जपण्याचा. होडी ओली, दोर ओले, अंग दमलेले आणि उजेड कमी. सकाळी जितकी चालली तितकी निष्काळजी आता चालत नाही, म्हणून तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी. घरी पोहोचल्यावर आधी टोकांचे दोर सोडावेत, मग पट्टे. आणि शेवटचा पट्टा सुटत असताना एकाने होडी धरून उभे राहावे, कारण अंगणातल्या झुळकेनेही ती टपावरून लोटली जाऊ शकते. पट्टे सावलीत वाळवून, बकलातली वाळू झटकून, गुंडाळून ठेवावेत.