पँथरची मुळं आपल्या मातीत

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावात वाचल्या जाणाऱ्या अंकात अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याचं काय काम, असं कुणी विचारेल. पण हे नातं जुनं आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकी लोकांना. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

१९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर संघटनेचं, पण संताप इथला. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. आणि दलित लेखण्यांना धार लावणारी शाळा मराठवाड्यातच होती. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मिलिंद’मध्ये, डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतून परतल्यावर विद्यार्थ्यांना काळ्यांच्या साहित्याची ओळख करून दिली. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने गावोगावच्या नवख्या पोरांना छापलं. पँथर काही वर्षांतच फुटली, याचं दुःख आहेच. पण ते लेखन पुसलं गेलं नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरं जळाली, पोचिराम कांबळे मारले गेले, तरी माणसं मागणीवरून हटली नाहीत. ते नाव लागेपर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १९९४ पर्यंत, त्यांनी वाट पाहिली, तीही लढत.

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरच्या कार्यक्रमाच्या दहा कलमांत पहिलीच मागणी होती, आपलं भवितव्य आपण ठरवण्याची. बंदुकांचे फोटो जगाला आठवतात. मला मात्र त्यांनी १९६९ पासून शाळेआधी मुलांना दिलेला फुकट नाश्ता अधिक मोलाचा वाटतो. आपलं पोर उपाशी वर्गात बसणार नाही, हे काळ्यांच्या वस्त्यांनी स्वतः ठरवलं.

आपल्या बीड जिल्ह्यात मात्र मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे निघतो आणि पोरांची शाळा मागे राहते. कुठं जायचं, कधी परतायचं, हे उचल ठरवते, आणि त्यात दलित, भटक्या कुटुंबांचा वाटा मोठा आहे. म्हणून या अंकात पँथरच्या इतिहासाला लागूनच ऊसतोड कामगारांच्या मुलांवरचे लेख आहेत. ते आधी वाचावेत, आणि आपल्या गावातली किती मुलं या हंगामात फडावर गेली याची नोंद शाळेत जाऊन मागावी.