दोन अधिछात्रवृत्तींमधील रिकामे महिने : आरोग्य संशोधनाला सेतू निधीची गरज

नवी दिल्ली : केंद्रीय मंत्रिमंडळाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी जैववैद्यकीय संशोधन कारकीर्द कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला मान्यता दिली. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या भागीदारीतून ‘इंडिया अलायन्स’मार्फत राबवल्या जाणाऱ्या या कार्यक्रमासाठी १,५०० कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यांपैकी १,००० कोटी रुपये जैवतंत्रज्ञान विभाग आणि ५०० कोटी रुपये वेलकम ट्रस्ट देणार आहे. २०२५-२६ ते २०३०-३१ या काळात नव्या फेलोशिप अर्थात अधिछात्रवृत्त्या व अनुदाने मंजूर होतील आणि त्यांचा खर्च २०३७-३८ पर्यंत भागवला जाईल. तरुण संशोधकांसाठी इतक्या लांबच्या मुदतीची हमी निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र ही अधिछात्रवृत्ती हाती पडेपर्यंतच्या काही महिन्यांत संशोधकाने प्रयोगशाळेत कशाच्या आधारावर टिकून राहावे, या प्रश्नाचे उत्तर देशातील व्यवस्थेत अद्याप नीट मिळत नाही.

ही अडचण समजण्यास अवघड नाही. पीएचडी पूर्ण केलेला संशोधक बहुधा मार्गदर्शकाच्या किंवा अन्य ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या प्रकल्पात संशोधन सहयोगी म्हणून काम करतो. प्रकल्पाची मुदत संपली की त्याचे मानधनही थांबते. दरम्यान स्वतःच्या नावावरील अधिछात्रवृत्तीसाठी त्याने अर्ज केलेला असतो. प्राथमिक अर्ज, विस्तृत प्रस्ताव, तज्ज्ञांचे परीक्षण, मुलाखत, मंजुरीपत्र आणि त्यानंतर पहिला हप्ता अशा या प्रवासाला अनेक महिने लागतात. निवड थोडक्यात हुकली, तर पुढील फेरीची वाट पाहावी लागते. प्रकल्पाचे वेळापत्रक आणि अधिछात्रवृत्तीचे वेळापत्रक यांचा परस्परांशी संबंध नसतो. त्यामुळे गुणवत्ता असूनही उत्पन्न नाही, अशी स्थिती निर्माण होते. हे अंतर भरून काढणाऱ्या अल्प मुदतीच्या साहाय्याला सेतू निधी म्हटले जाते.

देशात पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी योजना नाहीत असे नाही. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते आणि ती कारकिर्दीत एकदाच घेता येते. तिची वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारांसाठी ३५ वर्षे आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर फॅकल्टी’ योजना पाच वर्षांचे साहाय्य देते, परंतु तिच्यासाठी सर्वसाधारण उमेदवाराचे वय ३२ वर्षांच्या आत असावे लागते. प्रधानमंत्री अर्ली करिअर संशोधन अनुदान हे नियमित पदावर नियुक्त झालेल्यांसाठी आहे. म्हणजे संशोधनाचे अनुदान हवे तर आधी पद हवे, पद हवे तर स्वतंत्र संशोधन हवे आणि ते करण्यासाठी आधी अधिछात्रवृत्ती हवी. या साखळीत एक कडी काही महिन्यांसाठी निखळली, तरी वयाची अट मात्र पुढे सरकतच राहते.

ही पोकळी सर्वच विज्ञानशाखांना जाणवते. आरोग्य संशोधनात तिची झळ अधिक तीव्र असते, कारण तेथे काम थांबवून पुन्हा सुरू करणे सहज शक्य नसते. रुग्णांवरील किंवा समाजातील अभ्यासासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. परदेशी निधी वा सहकार्य असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही प्रस्ताव जातो. सहभागी व्यक्तींची संमती, ठरावीक अंतराने घ्यायचे रक्ताचे नमुने, गावोगावच्या भेटी हे सर्व वेळेशी बांधलेले असते. सहा महिन्यांनी व्हायची तपासणी बाराव्या महिन्यात केली, तर त्या नोंदीचे शास्त्रीय मूल्य घटते. ज्या व्यक्तीवर विश्वास ठेवून कुटुंबांनी माहिती दिली, तीच निघून गेली, तर पाठपुरावाही तुटतो.

भारतात अशा दीर्घ अभ्यासांची मोठी परंपरा आहे. दिल्ली आणि वेल्लोर येथे १९६९ पासून काही वर्षांत जन्मलेल्या बालकांचा पुढे अनेक दशके मागोवा घेण्यात आला. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाने गर्भावस्थेतील पोषणाचा मधुमेह व हृदयविकाराच्या जोखमीशी असलेला संबंध उलगडण्यास हातभार लावला. असे अभ्यास ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जातात, परंतु नमुने जतन करणे, आकडेवारी तपासणे आणि विश्लेषण करणे ही दैनंदिन कामे बहुतांशी तरुण संशोधकांच्या हातून होतात. त्यांचे टिकून राहणे ही अभ्यासाच्या सातत्याची पूर्वअट ठरते.

या प्रश्नाचा आर्थिक हिशेबही बोलका आहे. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्राला दरमहा ३७,००० आणि वरिष्ठ संशोधन अधिछात्राला ४२,००० रुपये मिळतात. पहिली दोन वर्षे कनिष्ठ आणि पुढील तीन वर्षे वरिष्ठ असा काळ धरला, तर एका पीएचडीसाठी केवळ मानधनापोटी २४ लाख रुपये सार्वजनिक तिजोरीतून खर्च होतात. उपकरणे, रसायने आणि घरभाडे भत्ता त्याव्यतिरिक्त. संशोधन सहयोगीचा पहिल्या श्रेणीचा दर दरमहा ५८,००० रुपये आहे. या दराने नऊ महिन्यांच्या सेतू निधीचा खर्च भत्ते वगळता ५ लाख २२ हजार रुपये होतो. दरवर्षी २०० संशोधकांना असे साहाय्य दिले, तर वार्षिक खर्च साडेदहा कोटींच्या आत राहतो. सहा वर्षांचा खर्च सुमारे ६३ कोटी, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या एकूण तरतुदीच्या चार टक्क्यांच्या आसपास येतो. घडवलेले मनुष्यबळ ऐन उमेदीच्या काळात गमावण्यापेक्षा हा खर्च नक्कीच कमी आहे.

महिला संशोधकांच्या बाबतीत हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. पीएचडीनंतरची ही वर्षे अनेकींसाठी विवाह आणि मातृत्वाचीही असतात. उत्पन्न थांबलेल्या काळात घरातील जबाबदारीचा भार बहुधा त्यांच्यावरच येतो आणि काही महिन्यांचा खंड काही वर्षांचा होतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग आणि आरोग्य संशोधन विभाग यांनी खंड पडलेल्या महिलांना संशोधनात परत आणण्यासाठी योजना आखल्या आहेत. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्या खंड पडल्यानंतर उपयोगी येतात, तर सेतू निधी तो खंड पडूच नये म्हणून असतो.

ही कल्पना भारताला नवी नाही. केंद्र सरकारने १९५८ मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना सुरू केली होती. परदेशातून परतलेल्या, तसेच देशातील उच्चशिक्षित परंतु नियमित नोकरी नसलेल्या वैज्ञानिक, अभियंते व वैद्यकीय तज्ज्ञांना तात्पुरते काम आणि मानधन देण्याचा तिचा हेतू होता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे तिची जबाबदारी होती. प्रतिभावंत मनुष्यबळाला थांबण्यासाठी जागा हवी, हे त्या काळी साधने तुटपुंजी असतानाही मान्य झाले होते. मात्र त्या नियुक्तीला पुढील पदाची हमी नव्हती. त्यामुळे सेतू निधीची रचना करताना तो एखाद्या निश्चित ठिकाणी पोहोचवणारा असावा, हा धडा त्यातून घेता येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची उदाहरणेही विचारात घेण्याजोगी आहेत. तेथे २००६ मध्ये जाहीर झालेल्या एका पारितोषिक योजनेत पहिला टप्पा मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि दुसरा स्वतंत्र पदावर, असे एकाच मंजुरीत जोडलेले साहाय्य मिळते. अल्प मुदतीच्या आणखी एका योजनेत गुणवत्ता असूनही निधीच्या मर्यादेमुळे बाहेर राहिलेल्या प्रस्तावांना एक-दोन वर्षांचे पाठबळ दिले जाते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. झालेल्या परीक्षणाच्या आधारेच अधिकारी निवड करतात. ही दुसरी योजना प्रामुख्याने स्वतंत्र संशोधकांसाठी आहे. तरीही एकदा झालेले परीक्षण दुसऱ्यांदा उपयोगात आणण्याची तिची पद्धत भारतातही वेळ वाचवू शकेल.

सेतू निधीवर आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तात्पुरत्या नियुक्त्यांची मालिका लांबवण्याचे ते आणखी एक साधन होईल, ही पहिली शंका. मार्गदर्शकाच्या मर्जीतील व्यक्तीलाच लाभ मिळेल, ही दुसरी. बंगळुरू, दिल्ली, पुणे यांसारख्या केंद्रांतील संपन्न संस्थाच तो पदरात पाडून घेतील आणि राज्य विद्यापीठे व जिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालये कोरडी राहतील, ही तिसरी.

या शंकांचे निरसन नियमांतून होऊ शकते. साहाय्याची मुदत सहा ते नऊ महिने असावी आणि ते एकदाच मिळावे. बाह्य अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज केल्याचा किंवा मुलाखतीच्या फेरीपर्यंत पोहोचल्याचा पुरावा ही पात्रतेची अट असावी. निवड मार्गदर्शकाऐवजी संस्थेच्या समितीने करावी आणि तीत बाहेरील सदस्य असावा. निर्णय महिन्याभरात व्हावा, अन्यथा सेतूसाठीच वाट पाहण्याची वेळ येईल. मोठ्या संस्थांनी प्रकल्पांबरोबर मिळणाऱ्या प्रशासकीय खर्चाच्या रकमेतील काही हिस्सा यासाठी राखून ठेवावा आणि ज्या विद्यापीठांना तशी रक्कम पुरेशी मिळत नाही, त्यांच्यासाठी केंद्रीय निधी असावा. मंजूर झालेल्या अधिछात्रवृत्तीचा हप्ता उशिरा आला, तर तो काळही या निधीतून भरून काढण्याची मुभा हवी. सेतू काळ वयाच्या किंवा अनुभवाच्या मर्यादेत मोजला जाऊ नये, ही शेवटची आणि बिनखर्चाची सुधारणा आहे.

२०२० - २१ मध्ये संशोधन व विकासावरील देशाचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. तो वाढावा, ही मागणी जुनीच आहे. खासगी क्षेत्रातील संशोधनाला चालना देण्यासाठी एक लाख कोटी रुपयांची योजनाही २०२५ मध्ये मंजूर झाली. त्या तुलनेत सेतू निधीची रक्कम नगण्य आहे. जैववैद्यकीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यातील पहिल्या फेऱ्यांची रचना करतानाच, निवड थोडक्यात हुकलेल्या आणि मंजुरीची वाट पाहणाऱ्या उमेदवारांसाठी अशी सोय करणे शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची किंवा नव्या संस्थेची आवश्यकता नाही. जैवतंत्रज्ञान विभाग, आरोग्य संशोधन विभाग आणि संशोधन संस्था यांनी आपापली वेळापत्रके एकमेकांना जोडून घेण्याचे ठरवले, तरी निम्मे काम होईल.