पुढच्या सहलीला भिंगे हवीत!

गेल्या उन्हाळ्यात आपल्या मराठी वर्गाची सहल लीजवळच्या गोट आयलंडला गेली होती. आमच्यापैकी दोघे बाबांबरोबर स्कूबा डाइव्हिंगला गेले. बाकीच्यांनी काठाजवळ स्नॉर्केलिंग केले. डबे खाताना सगळे मोठमोठ्या स्नॅपरविषयी बोलत होते. त्या दोघांना मात्र सगळ्यांत जास्त आवडले ते प्रशिक्षकांच्या गळ्यातले भिंग. वर्गाने अशी चार-पाच भिंगे घ्यावीत असे आम्ही सुचवले, तेव्हा काही काका-काकू म्हणाले, "एवढ्याशा किड्यांसाठी पैसे कशाला?" त्यांच्यासाठी हा लेख.

केल्प या समुद्री वनस्पतीच्या पानावर पांढरट डाग दिसला, तो आम्हांला घाण वाटला. भिंगातून पाहिले तर ती नाजूक जाळी होती. तिच्यातल्या प्रत्येक खोलीत एकेक जीव राहतो, आणि तो एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. या प्राण्यांना ब्रायोझोआ म्हणतात. शेजारी काडीसारखा स्केलेटन श्रिम्प मागच्या पायांनी पान धरून वाकत होता, जणू नमस्कारच करत होता!

हे जीव बिनकामाचे नाहीत. गोट आयलंडचा समुद्र १९७५ साली राखीव झाला. न्यूझीलंडमधले ते पहिले सागरी अभयारण्य. त्याआधी स्नॅपर आणि क्रेफिश यांची फार मासेमारी झाली होती. त्यामुळे ते ज्यांना खातात त्या काटेरी किना वाढल्या आणि त्यांनी केल्प फस्त करून खडक उघडे पाडले. मासेमारी थांबल्यावर मोठे मासे वाढले, किना कमी झाल्या आणि केल्पचे जंगल परत आले. त्या जंगलात हे चिमुकले जीव राहतात आणि लहान मासे त्यांना खाऊन वाढतात. म्हणजे मोठा स्नॅपर पाहून जो फक्त "वा!" म्हणतो, त्याने अर्धीच गोष्ट वाचली.

"घरातले भिंग न्या की," असेही कोणी म्हणाले. पण काच आणि पाणी यांत प्रकाश वळण्याचा फरक थोडा असतो, म्हणून साध्या भिंगाची ताकद पाण्यात सुमारे पाव उरते. डाइव्हिंगच्या भिंगात काचांमध्ये हवा बंद केलेली असते, म्हणून ते पाण्यातही काम करते. ज्या आई-बाबांना चाळिशी लागली आहे, त्यांना मास्कच्या काचेला आतून चिकटवायची छोटी भिंगेही मिळतात. तेव्हा "आम्हांला दिसत नाही" ही सबब चालणार नाही!

ज्यांना डाइव्हिंग करायचे नाही, त्यांनी घरचे भिंग घेऊन ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांपाशी बसावे. भिंग पाण्याच्या वर धरले की झाले. २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या गटाने जुहूसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यावरही लोकांना असेच नेऊन रंगीत समुद्री गोगलगायी दाखवल्या आहेत. सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

एक आक्षेप मात्र आम्हांला पटतो. भिंगातून पाहण्याच्या नादात माणूस खडकाला चिकटतो आणि त्याच्या फिन्सखाली तेच जीव चिरडतात. म्हणून ज्याला पाण्यात एका जागी स्थिर तरंगता येते, त्यालाच डाइव्हिंगचे भिंग द्यावे. कशालाही हात लावू नये, उचललेला दगड पुन्हा होता तसा ठेवावा आणि घरी शिंपलासुद्धा आणू नये. अभयारण्यात तसा कायदाच आहे. आमच्या मते तो सगळ्याच किनाऱ्यांवर आपण होऊन पाळावा. बादली भरून आणली की डबके रिकामे होते. भिंगाने पाहिले तर ते पुढच्या माणसासाठी तसेच राहते.

म्हणून आमची विनंती आहे की पुढच्या दिवाळीच्या खाऊविक्रीतून वर्गाने भिंगे घ्यावीत. समोसे आम्ही विकू! तुम्हांला काय वाटते ते पुढच्या अंकासाठी बाईंकडे जरूर लिहून द्या.

– मोठ्या वर्गाचे विद्यार्थी