विश्लेषण : रक्तातला ‘एलडीएच’ त्वचेच्या कर्करोगाबद्दल नेमकं काय सांगतो?

कोविडच्या काळात ‘एलडीएच’ हे नाव अनेक घरांत पोहोचलं. सीआरपी, डी-डायमरसोबत रक्ताच्या रिपोर्टमध्ये हाही आकडा असायचा. मेलानोमा या त्वचेच्या घातक कर्करोगातही डॉक्टर हाच आकडा तपासतात. पण तो वाढलेला दिसला म्हणजे रुग्णाचं भवितव्य ठरलं, असं समजायचं का?

एलडीएच म्हणजे काय?

लॅक्टेट डिहायड्रोजनेज. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत असतं आणि साखरेपासून ऊर्जा मिळवण्याच्या कामात मदत करतं. कर्करोगाच्या पेशी साखर भरमसाट वापरतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकातच हे दाखवलं होतं. गाठी वाढतात, त्यातल्या पेशी मरतात, तेव्हा एलडीएच रक्तात उतरतं.

ते महत्त्वाचं का?

मेलानोमा त्वचेपुरताच असतो तेव्हा त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. अमेरिकी डॉक्टर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये सांगितलेली ही मोजणी आजही पायाभूत आहे. आजार फुप्फुस, यकृत किंवा मेंदूपर्यंत पसरला की चौथा टप्पा येतो. इथे एलडीएच कामी येतं. २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात चौथ्या टप्प्यापुढे कंसात ० किंवा १ लिहितात. ० म्हणजे एलडीएच सामान्य, १ म्हणजे वाढलेलं. वाढलेलं असेल, तर आजार आटोक्यात ठेवणं सहसा अधिक कठीण जातं.

मर्यादा कोणत्या?

यकृताचे आजार, हृदयविकाराचा झटका, स्नायूंची इजा यांतही एलडीएच वाढतं. रक्त घेताना किंवा नेताना नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. त्यामुळे शंका आली की चाचणी पुन्हा करतात. सुरुवातीच्या मेलानोमात तो बहुधा सामान्यच असतो. म्हणजे आजार शोधण्यासाठी या चाचणीचा उपयोग नाही. युरोपातल्या काही देशांत, विशेषतः जर्मनीत, ‘एस१००बी’ हे दुसरं प्रथिनही तपासतात.

मग आकडा वाईट आला तर?

२०११ पूर्वी पसरलेल्या मेलानोमाचे बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. त्यानंतर इम्युनोथेरपी आली. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही औषधं एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के जण दहा वर्षांनंतरही हयात होते, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं. एलडीएच वाढलेल्यांना फायदा कमी मिळतो, पण त्यांच्यातल्याही काहींना तो दीर्घकाळ मिळाला आहे. हा आकडा अनेकांच्या सरासरीबद्दल बोलतो, समोरच्या एका रुग्णाबद्दल ठाम काही सांगत नाही. ही औषधं अतिशय महाग असल्याने भारतात अनेकांसाठी उपचार आवाक्यात आहेत का, हाच मोठा प्रश्न ठरतो.

लक्ष कशाकडे द्यायचं?

भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे. मात्र इथे तो तळपाय, तळहात किंवा नखाखाली होण्याचं प्रमाण तुलनेने जास्त आहे आणि तिथे तो सहज दुर्लक्षित राहतो. नखात नव्याने उमटलेली आणि रुंद होत जाणारी काळी रेघ, तळपायावरचा आकार बदलणारा डाग, बरी न होणारी जखम यांपैकी काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. वेळीच सापडलेला मेलानोमा बहुतेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो आणि एलडीएचचा आकडा पाहण्याची वेळच येत नाही.