विश्लेषण : नव्या ‘ॲडव्हेंचर’ बाइकवर रायडर समाधानी आहेत का?

शनिवार-रविवारी पहाटे नाशिकमधून त्र्यंबकेश्वर, हरसूल, पेठ, सुरगाणा किंवा कसारा घाटाच्या दिशेने निघणाऱ्या बाइकमध्ये उंच, लांब टायरच्या ‘ॲडव्हेंचर’ बाइकची संख्या वाढली आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत देशी कंपन्यांनी या प्रकारात एकामागून एक मॉडेल आणली. त्यांचे स्वागत झाले, पण तक्रारीही झाल्या. काही तक्रारी इतक्या नेमक्या होत्या की कंपन्यांना बदल करावे लागले. रायडरना नक्की काय खटकले आणि दोन-तीन लाख रुपये मोजणाऱ्याने त्यातून काय घ्यावे, याचा आढावा.

कोणत्या बाइक बाजारात आल्या?

रॉयल एनफिल्डने २०१६ मध्ये ४११ सीसीची पहिली हिमालयन आणली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात तिची पूर्णपणे नवी आवृत्ती, हिमालयन ४५०, दाखल झाली. ४५२ सीसी लिक्विड कूल्ड इंजिन, सुमारे ४० पीएस ताकद आणि १९६ किलो वजन ही तिची वैशिष्ट्ये. सुरुवातीची किंमत २ लाख ६९ हजार रुपये (एक्स-शोरूम) होती. जानेवारी २०२५ मध्ये हिरोने एक्सपल्स २१० सादर केली. तिची ताकद २४.६ पीएस, वजन १७० किलोच्या आत आणि किंमत पावणेदोन लाखांच्या आसपास होती. त्याच महिन्यात केटीएमने ३९० ॲडव्हेंचर आणि ३९० ॲडव्हेंचर एक्स, तर एप्रिलमध्ये ३९० एन्ड्युरो आर बाजारात आणली. कच्च्या रस्त्यासाठी बाइक घेणाऱ्याला एवढे पर्याय पूर्वी कधीच नव्हते.

सर्वात मोठी तक्रार ट्यूबची का?

खडकाळ रस्त्यावर स्पोकचे म्हणजे तारांचे चाक चांगले. दणका बसला तर ते थोडे वाकून धक्का पचवते. अलॉय चाक तडकू शकते. मात्र नेहमीच्या स्पोक चाकात प्रत्येक तार रिममधील छिद्रातून जाते. त्या छिद्रांतून हवा निसटू नये म्हणून टायरमध्ये ट्यूब घालावी लागते. ट्यूबला खिळा लागला की हवा झपाट्याने जाते. ट्यूबलेस टायरमध्ये मात्र खिळा तसाच रुतून राहतो, हवा हळूहळू कमी होते आणि रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा मिनिटांत पंक्चर काढता येते.

सुरगाण्याच्या किंवा हरसूलच्या आतल्या रस्त्यावर संध्याकाळी पंक्चर झाले, तर हा फरक कळतो. चाक उतरवणे, टायर सोडवणे, ट्यूब बदलणे हे प्रत्येकाला जमत नाही आणि पंक्चरचे दुकान जवळ असेलच असे नाही. घाटाच्या उतारावर पुढच्या चाकातली हवा अचानक गेली, तर प्रश्न गैरसोयीपुरता राहत नाही. म्हणूनच पावणेतीन लाखांच्या हिमालयनला ट्यूबचे टायर पाहून अनेक रायडर नाराज झाले. स्पोक रिमच्या कडेला बसवून ट्यूबची गरज संपवणारी चाके कंपनीने दाखवली होती, पण भारतात ती २०२४ च्या उत्तरार्धात मिळू लागली. त्यासाठी दहा हजारांहून अधिक रुपये वेगळे मोजावे लागले. एक्सपल्स २१० लाही ट्यूबचेच टायर आहेत. मात्र तिची किंमत कमी असल्याने तिच्याबाबत ओरड तुलनेने कमी झाली.

चाकणमध्ये बनणाऱ्या बाइकवर नाराजी कशामुळे?

केटीएमच्या ३९० मालिकेतील बाइक बजाज ऑटोच्या चाकण प्रकल्पात तयार होतात आणि तिथून परदेशातही जातात. ३९० एन्ड्युरो आर परदेशात २३० मिलिमीटर सस्पेन्शन ट्रॅव्हलसह मिळत होती. भारतात आलेल्या पहिल्या आवृत्तीत तो पुढे २०० आणि मागे २०५ मिलिमीटर इतकाच होता. ट्रॅव्हल म्हणजे चाक खड्ड्यात किंवा दगडावर गेल्यावर वर-खाली होण्यासाठी मिळणारी जागा. ती जितकी जास्त, तितका दणका रायडरपर्यंत कमी पोहोचतो. ‘आपल्याच राज्यात बनणारी बाइक आपल्यालाच कमी क्षमतेची का,’ हा प्रश्न त्यातून पुढे आला. काही महिन्यांतच कंपनीने जास्त ट्रॅव्हलची आवृत्ती साडेतीन लाखांच्या आसपास उपलब्ध करून दिली.

ॲडव्हेंचर एक्सबाबतही असेच घडले. स्वस्त आवृत्ती म्हणून तिच्यातून क्रूझ कंट्रोल, ट्रॅक्शन कंट्रोल यांसारख्या सोयी वगळल्या होत्या. ग्राहकांनी ते बोलून दाखवले आणि त्याच वर्षी किंमत थोडी वाढवून या सोयी देण्यात आल्या.

मग सर्वांचे मत एकच आहे का?

नाही. कमी ट्रॅव्हल ही काहींसाठी सोय होती. भारतातील पहिल्या एन्ड्युरो आरची सीट ८६० मिलिमीटर उंचीवर होती, जास्त ट्रॅव्हलच्या आवृत्तीत ती ८९० वर गेली. साडेपाच फूट उंचीच्या रायडरचे पाय इतक्या उंच बाइकवरून जमिनीला पुरते टेकत नाहीत. हिमालयनची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर लावता येते, एक्सपल्स २१० ची ८३० आहे.

चालत्या बाइकवर उंची जाणवत नाही. अडचण थांबल्यावर येते. द्वारका चौकातील कोंडीत, गडाच्या पायथ्याच्या उतारावर किंवा पावसाळ्यात चिखलात पाय टेकताना तोल गेला, तर सामान लादलेली दोनशे किलोची बाइक सावरता येत नाही. त्यामुळे अनुभवी रायडर जास्त ट्रॅव्हल मागतात, तर नवे आणि कमी उंचीचे रायडर कमी वजन आणि खालची सीट मागतात. दोन्ही मागण्या एकाच बाइकमध्ये पूर्ण होणे कठीण आहे.

डोंगरासाठी मोठे इंजिन लागतेच का?

याचे उत्तर डोंगर कोणता यावर अवलंबून आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता साधारण ५७ टक्के उरते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शनमुळे पेट्रोल-हवेचे प्रमाण योग्य राहते, पण हरवलेली ताकद परत येत नाही. म्हणजे लडाखच्या खिंडीत ४० पीएसची बाइक साधारण २३ पीएसची होते आणि २४ पीएसची बाइक १४ पीएसच्या जवळ येते. मागे बसलेली व्यक्ती आणि दोन बॅगा असतील, तर तिथे मोठ्या इंजिनाचा उपयोग निश्चित होतो.

नाशिक परिसराची स्थिती वेगळी आहे. शहर सुमारे सहाशे मीटरवर आहे आणि राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. येथील घाटरस्त्यांवर इंजिनाच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. येथे कस लागतो तो ब्रेक, टायर आणि वजनाचा. मुंबई महामार्गावर सलग वेगाने जाणाऱ्याला मात्र मोठे इंजिन आरामदायक वाटते.

जीएसटीमुळे गणित कसे बदलले?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यापुढील बाइकवर पूर्वी उपकरासह ३१ टक्के कर होता, तो ४० टक्के झाला. कराआधीची किंमत दोन लाख असलेल्या ४०० सीसी बाइकवर जुन्या दराने ६२ हजार कर होता, नव्या दराने तो ८० हजार होतो. उलट कराआधी १ लाख ४० हजारांची २१० सीसी बाइक १४ हजारांनी स्वस्त होते. काही कंपन्यांनी वाढीव कराचा भार काही काळ स्वतः सोसला, पण दोन गटांतील अंतर रुंदावले हे खरे. विमा आणि नोंदणी धरून ऑन-रोड किमतीत हा फरक आणखी ठळक दिसतो.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

ट्यूबलेस चाके आणि जास्त ट्रॅव्हल पहिल्या तारखेला मिळाले नाहीत; ते पहिल्या ग्राहकांनी पैसे मोजून, वापरून, तक्रार केल्यानंतर मिळाले. त्यामुळे नवे मॉडेल आल्यावर सहा-आठ महिने थांबणाऱ्याचा फायदा होण्याची शक्यता अधिक. घाई असेल तर टेस्ट राइड सपाट रस्त्यावर न थांबता चढावर घ्यावी, मागे कुणाला तरी बसवावे आणि उतारावर बाइक थांबवून दोन्ही पाय टेकतात का ते पाहावे. टायर ट्यूबचे असतील तर ट्यूबलेस चाकांचा खर्च आधीच हिशेबात धरावा. मागचा एबीएस बंद करण्याची सोय सुट्या खडीच्या, मातीच्या रस्त्यासाठी आहे. डांबरी घाट उतरताना तो चालूच हवा. सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे आणि क्लच लिव्हर, केबलसारखे भाग लगेच मिळतात का, हेही विचारावे.

वर्षातून एकदा लडाख आणि उरलेले पन्नास आठवडे गंगापूर रोड, असा वापर असेल, तर त्या पन्नास आठवड्यांत सांभाळता येईल अशीच बाइक निवडणे शहाणपणाचे ठरेल.