गाठीचे सोने आणि पडद्यावरचे नाणे

कागल तालुक्यातील वेदगंगेकाठचे मुरगूड ऊस आणि दुधावर जगते. कारखान्याचे बिल आणि दूध संस्थेचे पैसे आले की, घरखर्च, सोसायटीचे कर्ज आणि मुलांची फी भागवून जे उरते, तिला इथे बचत म्हणतात. तिचे काय करायचे, हा प्रश्न मागच्या पिढीला फारसा पडत नसे. थोडे पतसंस्थेत, थोडे सोन्यात, असा रिवाज ठरलेला होता. आज त्याच घरातील तरुणाच्या मोबाइलवर बिटकॉइनचा भाव झळकतो आणि सोन्यात पैसा अडकवून काय साधणार, असे तो वडिलांना विचारतो. प्रश्न टाळण्याजोगा नाही. त्याचे उत्तर मात्र केवळ भावाच्या आलेखात सापडणार नाही.

मुळात बचत आणि सट्टा यांत गल्लत होता कामा नये. बचतीच्या कसोट्या दोन. अडल्या दिवशी तिच्यातून किती हाती येईल? आणि फसवणूक झाली, तर दाद कोणाकडे मागायची?

बिटकॉइनचे आकर्षण निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. २००९मध्ये सुरू झालेल्या या चलनाची संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाही, अशी त्याची रचना आहे. नोटा छापून त्याचे मोल कोणतेही सरकार उतरवू शकत नाही. परंतु नोव्हेंबर २०२१मध्ये ६९ हजार डॉलरच्या घरात असलेले हे नाणे वर्षभरात १६ हजारांच्याही खाली आले. पुढे डिसेंबर २०२४मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला, हेही खरे. ज्याला थांबता आले, तो तरला. पण ज्याच्या मुलीचे लग्न २०२२च्या अखेरीस ठरले होते, त्याने कोणाच्या भरवशावर थांबायचे?

दुसऱ्या कसोटीवर तर चित्र अधिकच चिंताजनक आहे. जुलै २०२४मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या विनिमय केंद्रातून सुमारे दोन हजार कोटी रुपयांची आभासी चलने चोरीस गेली. व्यवहार पूर्ववत सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडले, आणि तोडग्याला मंजुरी मिळाली ती सिंगापूरच्या न्यायालयात! त्याआधी 'गेन बिटकॉइन'ने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवून हजारोंना बुडवले. पुणे पोलिसांनी २०१८मध्ये त्याच्या सूत्रधाराला अटक केली. मार्च २०२२मध्ये तर त्या तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच आभासी चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. कुंपणच शेत खाऊ लागल्याचा संशय आल्यावर सामान्यांनी पाहायचे कोणाकडे? एप्रिल २०२२पासून सरकारने या नफ्यावर ३० टक्के कर लावला. पण कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे, हे अर्थमंत्र्यांनी तेव्हाच बजावले होते.

मग सोने-चांदी निर्दोष आहे काय? तसेही नाही. जानेवारी १९८०मध्ये ८५० डॉलर प्रति औंस झालेले सोने १९९९मध्ये अडीचशेच्या आसपास घसरले. तो जुना भाव पुन्हा दिसायला २००८ साल यावे लागले. या काळात रुपयाच घसरत गेल्याने आपल्याला त्याची झळ तितकी जाणवली नाही. चांदी तर याहून चंचल. २०११मध्ये किलोला सत्तर हजारांपुढे गेलेला भाव २०१५च्या अखेरीस निम्म्यावर आला होता. आपल्याच जिल्ह्यातील हुपरीच्या चांदी कारागिरांना हे चढउतार कोणी शिकवायला नकोत. शिवाय दागिना घेताना दिलेली मजुरी आणि जीएसटी मोडताना परत मिळत नाहीत. धातूच्या नावानेही फसवणूक होते. जानेवारी २०२५मध्ये दादरच्या 'टोरेस'समोर गुंतवणूकदारांनी जो आक्रोश केला, त्यामागे दागिने आणि खड्यांवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आमिषच होते.

तरीही धातूचा एक गुण वादातीत आहे. ते अडीअडचणीला विकावेच लागते असे नाही, तारण ठेवता येते. १९९१च्या परकीय चलनसंकटात देशानेही हेच केले. सुमारे ४७ टन सोने रिझर्व्ह बँकेने परदेशी तारण ठेवले आणि देशाची पत राखली. त्याच बँकेने २००९मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले. पेरणीसाठी पाटल्या बँकेत ठेवून सुगीनंतर त्या सोडवून आणणारी मुरगूडची गृहिणी याहून वेगळे काय करते?

तेव्हा विवेकाचा मार्ग असा. वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा बँकेतच असावा. ठेवविम्याचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण तेथे आहे, पतसंस्थेला ते लागू नाही. दीर्घकाळच्या बचतीतील एक हिस्सा सोन्यात असावा, सगळी पुंजी नव्हे. दागिना घेताना त्यावरील सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक पडताळून पाहावा. आभासी चलनाचा मोह आवरतच नसेल, तर पूर्ण बुडाला तरी घरची चूल विझणार नाही, एवढाच पैसा लावावा. कर्ज काढून तर नाहीच नाही. आणि ठरावीक मोठ्या नफ्याची हमी देणारा भेटला, तर तो नाणे विकतो की सोने, हे पाहतच बसू नये. त्याला दारातूनच परत पाठवावे.

घामाच्या पैशाला चकाकीपेक्षा कस पारखणारी नजर हवी. बापाने ती कसोटी पोराच्या हाती दिली, तर या पिढीची पुंजी सुरक्षित राहील.