सैनिकाचे मूल आणि भाईंदरचे मूल

अमेरिकेच्या हवाई दलाने १९६८ ते २००५ या काळात ‘नाइटिंगेल’ नावाची विमाने रुग्णवाहतुकीसाठीच वापरली. परदेशी तळांवरील सैनिकांप्रमाणे त्यांचे कुटुंबीयही त्यांतून नेले जात. १९८५ पासून तर टेक्सासमधील विलफोर्ड हॉल या लष्करी रुग्णालयाने अर्भकाला कृत्रिम फुप्फुसाच्या यंत्रावर ठेवूनच विमानाने आणण्याची व्यवस्था उभारली. उंचीवर प्राणवायूचा दाब घटतो, शरीरात कोंडलेली हवा फुगते. तेव्हा नुसते विमान पुरत नाही, सोबत जाणकार पथक लागते. हा सारा भार सरकारी तिजोरीवर! ज्या देशात सरकारी वैद्यकाला ‘समाजवाद’ म्हणून हिणवले जाते, त्याच देशाने आपल्या सैनिकांसाठी तो निमूटपणे पत्करला. त्या लष्कराची ठाणी जगभर कशासाठी, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्याचा जाब अर्भकाला विचारण्याचे कारण नाही.

आता मीरा-भाईंदरकडे वळावे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती. उत्तनच्या कोळ्याचे किंवा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या कारखान्यात राबणाऱ्या मजुराचे तान्हे मूल हृदयाचा दोष घेऊन जन्मले, तर त्याला कोठे न्यायचे? सामान्यतः परळला, १९२९ पासून चालत आलेल्या वाडिया रुग्णालयाकडे. अंतर तीस-पस्तीस किलोमीटरच; पण वाटेत दहिसर नाक्याची कोंडी आणि पुढे सारा द्रुतगती मार्ग. येथे विमान नको, हेलिकॉप्टरही नको. (पुढाऱ्यांना हेलिपॅडचा मोह फार, उद्घाटनाला बरे दिसते.) हवी आहे ती बाळाला ऊब देणारी पेटी, प्राणवायू, शर्करेवर नजर ठेवणारी प्रशिक्षित परिचारिका आणि निघण्यापूर्वी परळला केलेला एक दूरध्वनी.

राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, हे सरकारच्या पदरी टाकलेच पाहिजे. २०२४ च्या नव्या करारात १,७५६ वाहने ठरली. त्यांत नवजात बालकांसाठीच्या किती? ३६! म्हणजे सरासरीने जिल्ह्यामागे एक. ठाणे जिल्ह्यातील ती एक गाडी शहापूरला गेली असेल, तर त्या रात्री भाईंदरच्या बापाने रिक्षा शोधायची की लोकलचा डबा?

सैनिक प्राण पणाला लावतो, म्हणून त्याच्या मुलाची काळजी राष्ट्राने घ्यावी हे खरेच, आणि कुलाब्याचे नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय आपल्याकडेही त्यासाठी आहे. परंतु मुंबईची भांडी घडवणारा आणि तिला मासळी पुरवणारा माणूस कोणाचा? सर्व साधनांनी सज्ज अशी एक गाडी, तीन पाळ्यांच्या परिचारिकांसह, भाईंदरला कायम उभी ठेवण्याची तरतूद पालिका आणि राज्य शासन यांपैकी कोण करणार, हे येत्या अंदाजपत्रकापूर्वी ठरले पाहिजे.